साक्षीभाव करून डोकं आणखी का तापतं?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात आधी मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एकतीस वर्षांचे, चोपडा तालुक्यातले. दिवसा पतसंस्थेत नोकरी, आणि घरची चार एकर केळी वडिलांबरोबर बघता. रात्री आडवं झालं की दिवसातलं एखादं बोलणं डोक्यात सुरू होतं: शाखाधिकारी सगळ्यांसमोर काय बोलले, मी तेव्हा गप्प का बसलो, काय उत्तर द्यायला हवं होतं. काही महिन्यांपूर्वी व्हिडिओ बघून तुम्ही विचारांकडे साक्षीभावाने बघायला लागलात. सुरुवातीला बरं वाटलं. आता मात्र दिवसभर स्वतःवरच नजर असते. आत्ता कोणता विचार आला, तो नकारात्मक होता का, मी परत वाहवत गेलो का. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: विचार बंद कसे करायचे, इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊ का, आणि मी मनाने कमकुवत आहे का.

तिसऱ्याचं उत्तर लगेच देते. नाही. कमकुवत माणूस इतके महिने रोज नेमाने काही करत नाही. तुमची मेहनत चुकीच्या जागी लागली आहे, एवढंच.

मी जळगावात समुपदेशनाचं काम करते. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे अलीकडे वाढलेत, आणि त्यात वाचणारी, स्वतःला सुधारू बघणारी माणसंच जास्त असतात. त्यांच्याशी बोलताना दिसतं ते असं: विचार पूर्वीइतकेच आहेत, पण आता प्रत्येक विचाराला हटकणारा एक तपासणी नाका डोक्यात बसवलाय. गाडी थांबवायची, कागद तपासायचे, चांगला का वाईट ते ठरवायचं, मग सोडायचं. साहजिकच रांग लागते. तुम्ही त्याला साक्षीभाव म्हणताय, पण साक्षीदार निकाल देत नसतो. तुम्ही दिवसभर निकाल देताय, आणि प्रत्येक निकाल तुमच्याच विरुद्ध.

विचार ‘बंद’ करण्याबद्दल एक जुना प्रयोग सांगते, कारण तो ऐकला की बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडतो. डॅनियल वेगनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1987 साली विद्यार्थ्यांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. खरी गंमत पुढे आहे. नंतर त्यांना अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून बसलेल्यांच्या डोक्यात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. कारण समजण्यासारखं आहे. एखादा विचार आला नाही ना, हे तपासायचं तर तो लक्षात ठेवावा लागतो. तुमचं ‘नकारात्मक विचार आला का’ हे तपासणं नेमकं तेच काम करतंय.

दुसरी गोष्ट, शांत डोक्याची तुमची कल्पनाच जरा अवास्तव आहे. 2010 साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी फोनवरून दोन हजारांहून जास्त लोकांना दिवसात अधूनमधून विचारलं, आत्ता तुमचं लक्ष हातातल्या कामात आहे की भलतीकडे? जवळजवळ 47 टक्के वेळा ते भलतीकडे होतं. आणि ही आजारी माणसं नव्हती, आपापली कामं करणारी चारचौघांसारखी माणसं होती. तेव्हा पूजेला बसल्यावर किंवा ठिबकचा कॉक फिरवताना मन दहा ठिकाणी गेलं तर काही बिघडलंय असं समजू नका.

मग स्वतःची जाणीव म्हणजे काय? माझ्या कामातून माझं मत असं झालंय की विचाराकडे बघण्यापेक्षा विचार आल्यावर आपण काय करतो त्याकडे बघावं. विचार कोणता यावा हे आपल्या हातात फारसं नसतं. त्याच्यामागून आपले हात, पाय आणि तोंड काय करतात, ते मात्र दिसतं, आणि बदलताही येतं.

तुमचंच उदाहरण घ्या. रात्री ‘मी गप्प बसलो’ हा विचार आला. पुढे काय झालं? प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहिलंय: बायकोला उठवून विचारता, ‘मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं का गं?’ ती म्हणते, ‘जाऊ द्या, झोपा.’ थोडं हायसं वाटतं, आणि अर्ध्या तासाने परत तेच. मग फोन हातात घेऊन पतसंस्थेच्या ग्रुपवर कोणी काय लिहिलंय ते बघता. दुसऱ्या दिवशी साहेबांची नजर चुकवता, त्यांच्या केबिनमध्ये जायचं काम दुसऱ्यावर ढकलता. आता हिशेब बघा. विचार दोन सेकंदांचा होता. विचारणं, तपासणं, टाळणं यांनी त्याला दोन दिवस जगवलं. दिलासा मागितल्याने तात्पुरतं बरं वाटतं, म्हणूनच तो पुन्हा मागावासा वाटतो. टाळल्याने साहेब आणखी मोठे वाटू लागतात. ही साखळी दिसायला लागणं, यालाच मी आत्मजाणीव म्हणेन. त्यात गूढ काही नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे एवढंच करा. साक्षीभावाचा सराव पूर्ण थांबवा. एक साधी वही घ्या आणि दिवसातून एकदाच, संध्याकाळी, एक-दोन प्रसंग लिहा: काय घडलं, डोक्यात कोणतं वाक्य आलं, आणि मग मी काय केलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच रिकामा सोडतात. ‘काही नाही केलं’ असं लिहू नका. गप्प बसलात तर तेही करणंच आहे. तंबाखूची पुडी काढली, पोरावर खेकसलात, बांधावर एक चक्कर मारून आलात, जे असेल ते लिहा.

वाक्य लिहिताना एक पथ्य पाळा. ते आलं त्याच बोलीत लिहा. आमच्याकडे येणारे पुष्कळजण वहीत ‘मला अपयशाची भीती वाटते’ असं पुस्तकी लिहून आणतात. खोदून विचारलं की कळतं, डोक्यात आलं होतं ‘तुन्हाघाई काही व्हनार नही’, म्हणजे तुझ्याने काही होणार नाही. ते अहिराणीत लिहिलं की पुष्कळांना आवाजही ओळखू येतो. कोणाच्या आजोबांचा, कोणाच्या शाळेतल्या मास्तरांचा. एकदा तो ओळखला की त्या वाक्याचा दरारा थोडा उतरतो, असं मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. तुमचं तसं नसेल तर उगाच आवाज शोधत बसू नका, नाहीतर तो आणखी एक उद्योग होईल.

आता रात्रीच्या त्या घोळवण्याबद्दल, कारण तुमचं दुखणं मुख्यतः तिथे आहे. घोळवत असताना माणसाला वाटतं की आपण प्रश्न सोडवतोय. सुझन नोलन-होक्सेमा या संशोधिकेने यावर आयुष्यभर काम केलं. उदास माणसं मनातल्या मनात ‘माझंच असं का होतं’ हे उगाळत बसली की उदासी लांबते, आणि अशा वेळी त्यांना सुचणारे उपायही कमी प्रतीचे असतात, असं तिच्या आणि तिच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे एवढं जागून हाती काहीच लागत नाही.

पण प्रत्येक काळजी फुकटची नसते, आणि हे मी केळीवाल्या माणसाला सांगायला नको. समजा, दोन झाडांच्या पानांवर सीएमव्ही या विषाणूजन्य रोगासारखे पिवळे पट्टे दिसले आणि रात्री ते आठवलं. या विचाराला काम आहे. उद्या सकाळी जाणकाराला दाखवायचं, रोग ठरला तर झाडं मुळासकट काढून नष्ट करायची, शेजारच्या झाडांवर तो रोग पसरवणारा मावा आहे का बघायचं. उशाशी कागद असू द्या, दोन शब्द खरडा आणि झोपा. ‘पण कापणीच्या वेळी बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भावच पडला तर?’ या विचाराला रात्री दोन वाजता कोणतंही काम नाही. मी लोकांना एकच प्रश्न विचारायला सांगते: याबद्दल उद्या संध्याकाळपर्यंत माझ्या हातून होण्यासारखं काही आहे का? असेल तर ते लिहायचं. नसेल तर त्या विचाराला दुसऱ्या दिवशीची वेळ द्यायची.

वेळ द्यायची, हे मी शब्दशः म्हणतेय. काळजीसाठी रोजची ठरावीक अर्धा तासाची वेळ आणि ठरावीक जागा ठेवण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली तपासली होती. मला कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेल्या गोष्टींत ती आहे. तुम्ही संध्याकाळी साडेसहा-सातची वेळ धरा, नोकरीवरून आल्यावर, जेवणाआधी. जागा ओट्यावरची चालेल, शेतातली चालेल, पलंग मात्र नको. त्या अर्ध्या तासात मुद्दाम काळजी करायची, मनसोक्त, वही घेऊन. इतर वेळी विचार आला की ‘साडेसहाला बघू’ म्हणायचं आणि हातातल्या कामाला लागायचं. दाबणं आणि पुढे ढकलणं यात फरक आहे. दाबताना मनाला राखण करावी लागते, पुढे ढकलताना त्याला खात्री असते की आपली पाळी येणार आहे. ही खात्री खरी ठरावी लागते, म्हणून साडेसहाला खरंच बसा. निम्म्या वेळा तिथे बसल्यावर सांगायला काही उरलेलं नसतं. तसं झालं तर उठा, भरीत भाजायला मदत करा.

पहिल्या आठवड्यात हे हास्यास्पद वाटेल आणि जमणारही नाही. रात्री तीनदा पुढे ढकललेला विचार चौथ्यांदा येईल. त्यात हरण्यासारखं काही नाही. पाऊण तास तसंच तळमळत पडलात तर उठा, दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात मंद उजेडात बसा, झोप आली की परत या. फोन मात्र आतच ठेवा.

आणि हंगामही लक्षात घ्या. तुम्ही मे महिन्यात लिहिताय. आपल्याकडे दिवसा पंचेचाळीसला पारा, रात्री भिंती तापलेल्या, त्यात लाईट गेली तर बघायलाच नको. अपुऱ्या झोपेनंतर साधं बोलणंही जिव्हारी लागतं. त्यामुळे उन्हाळ्यात ‘माझं मन बिघडत चाललंय’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. गच्चीवर झोपता येत असेल तर झोपा. संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. साहेबांना राजीनामा द्यायचा की नाही, हे तर रात्री ठरवूच नका.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: नाका उठवा, संध्याकाळी तीन रकाने लिहा, विचाराला काम असेल तर कागदावर घ्या, नसेल तर साडेसहाची वेळ द्या. हे दोन आठवडे झाल्यावर पुढचं करा.

पुढचं म्हणजे साखळीतली एक कडी बदलणं. एकच. वहीत कोणती कृती सारखी दिसते ते बघा. तुमच्या बाबतीत माझा अंदाज आहे, बायकोकडून दिलासा मागणं आणि साहेबांना टाळणं. बायकोशी बोलणं सोडू नका, ते तर वाढवा. बोलण्याची तऱ्हा बदला. ‘मी चुकलो का?’ असं विचारलं की तिला न्यायाधीश करता, आणि तीही कंटाळते. त्याऐवजी दिवेलागणीला सांगा, ‘आज साहेब सगळ्यांसमोर बोलले, मला लागलं.’ उत्तर नको म्हणावं, ऐक फक्त. आपल्याकडच्या पुरुषांना हे वाक्य फार जड जातं. ‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणायची सवय, आणि मग रात्री एकला तिला उठवायचं. दिवेलागणीचं ते एक वाक्य बऱ्याच रात्री वाचवतं.

साहेबांचं काय करायचं, हे परिस्थितीवर आहे. ते सगळ्यांवरच खेकसत असतील आणि तासाभरात विसरत असतील, तर केबिनमध्ये मुद्दाम जाऊ लागा, छोट्या कामांसाठी, रोज. भीती जाण्याची वाट बघून मग जायचं, असं नको. जाऊ लागलात की ती कमी होते. पण ते तुम्हालाच हेरून अपमान करत असतील, तुमच्या माथी दुसऱ्याची चूक मारत असतील, तर प्रश्न तुमच्या विचारांचा नाहीच. तिथे वही भरत बसणं म्हणजे अन्याय पचवायला शिकणं होईल. तारखा लिहून ठेवा, वरिष्ठांशी किंवा संचालकांपैकी एखाद्या समजूतदार माणसाशी बोला, दुसरी नोकरी शोधा. मनाच्या व्यायामाच्या नावाखाली लोकांना नको ते सहन करायला लावणाऱ्या सल्ल्यांचा मला राग येतो. कर्जाचंही तसंच. हप्ता थकला असेल तर आधी बँकेत बसून पुनर्गठनाचं बोला, विचारांचं नंतर बघू.

स्वतःशी बोलण्याची एक युक्ती मात्र जरूर करून बघा. अडचणीच्या वेळी स्वतःला ‘मी’ न म्हणता नावाने हाक मारून बोललं की थोडं अंतर मिळतं, असं मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या 2014 च्या अभ्यासात दिसलंय. ‘मी असा का वागलो’ ऐवजी, धाकट्या भावाला समजावताना बोलाल तसं स्वतःच्या नावाने: ‘अरे अमुक, तुला आज लागलं ते. आता उद्याचं बघ.’ मनातल्या मनात, चालता चालता. माझ्याकडे येणाऱ्या एका आजी स्वतःला ‘माय’ म्हणून समजावतात, आणि त्यांना त्याचा फार आधार आहे.

ध्यान कायमचं सोडायचं का? नाही. पण काही काळ लक्ष आत वळवण्याऐवजी बाहेर वळवा. डोळे उघडे ठेवून, चालताना, शेतावर. पंपाचा आवाज, दूरचा ट्रॅक्टर, पाखरं, असे एकेक आवाज ऐकायचे आणि लक्ष एकावरून दुसऱ्यावर न्यायचं, दहा मिनिटं. लक्ष आपल्या मर्जीने हलवता येतं हा अनुभव तुम्हाला सध्या हवा आहे. श्वास मोजणं आत्ता नको. आधीच धास्तावलेली माणसं छातीकडे लक्ष देऊन आणखी धास्तावतात, हे मी पुष्कळदा बघितलंय.

शिबिराबद्दल. इगतपुरीचं केंद्र 1976 पासून चालू आहे, फी घेत नाहीत, आणि तिथे जाऊन आलेले खान्देशातले कितीतरी लोक समाधानी आहेत. पण दहा दिवस मौन, वाचन-लेखन बंद, फोन नाही, आणि रोजचे कितीतरी तास स्वतःच्या आतच. झोप मोडलेल्या आणि स्वतःवर पाळत ठेवण्याने थकलेल्या माणसाला मी हे आत्ता सुचवणार नाही. दोन-तीन महिने सलग नीट झोप लागू द्या, मग जा. अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. प्रवेश मिळावा म्हणून लपवू नका.

आता ज्या परिस्थितीत माझं वरचं सगळं बाजूला ठेवावं ते सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटत असेल, जेवण-झोप-कामातला रस गेला असेल. किंवा किळसवाणे, पापी वाटणारे, तुम्हाला नकोसे विचार येत असतील आणि ते घालवायला हात धुणं, कुलूप तपासणं, मनात मंत्र म्हणणं सारखं करावं लागत असेल. तो मंत्रचळ असू शकतो, त्यावर वेगळे आणि चांगले उपचार आहेत. किंवा दारू वाढली असेल. किंवा मरणाचे विचार येत असतील. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, वही नंतर. जळगावला सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर 2022 पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. थायरॉइड आणि बी-12 ची तपासणीही एकदा करून घ्या, थकवा आणि चिडचिड कधीकधी तिथून येते.

शेतकऱ्याच्या घरात म्हणून आणखी एक. फवारणीची औषधं घरात ठेवू नका. वेगळ्या खोलीत, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. तुम्हाला तसले विचार येतात असं मी मुळीच म्हणत नाहीये. ज्या घरात कोणाचीही झोप उडालीय त्या प्रत्येक घराला मी हे सांगते, कारण तसल्या वेळा पुष्कळदा थोडक्यात टळतात, हाताशी काही नसेल तर.

किती दिवसांत फरक पडेल, हेही तुमच्या मनात असेलच. विचार कमी झाले का, हे मोजू नका. तो पुन्हा नाकाच. एखाद्या रात्री साहेब आठवले आणि तुम्ही कोणाला न उठवता कूस बदललीत का, केबिनमध्ये गेलात का, तिसऱ्या रकान्यात नवीन काही लिहिलं गेलं का, ते बघा. बहुतेकांना महिन्या-दीड महिन्यात असं काहीतरी दिसतं. कापणीच्या दिवसांत, ऑडिटच्या आठवड्यात जुनं सगळं परत येईल, तेव्हा अर्ध्या तासाची वेळ पुन्हा सुरू करायची. दीड महिन्यानंतरही तिसरा रकाना तसाच राहिला, तर ती वही घेऊन एखाद्या समुपदेशकाला भेटा. वही आणलेल्या माणसाबरोबर पहिल्याच भेटीत काम सुरू करता येतं.